परक्या हातचा घास

ऑपरेटरबाईंनी उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. हजारो माणसं एकमेकांना जोडून दिली, आणि स्वतःच्या दाराची बेल मात्र महिनोन्महिने वाजत नसे. तुसड्या होत्या असंही नाही. नवरा गेला, मैत्रिणी एकेक करून गेल्या आणि घर खायला उठलं. तेव्हा त्यांनी प्राण्यांच्या आसऱ्यातून एक कुत्रा आणला, त्याला कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला. आपलाच म्हणून ठेवायचा नव्हता. बाईंची पंचाहत्तरी उलटलेली, तो जेमतेम दोन वर्षांचा. आपल्या माघारी त्याच्या नशिबी पुन्हा पिंजरा नको.

नाव ठेवलं पैलवान, कारण चमचा पडला तरी तो पलंगाखाली शिरायचा. कुणीतरी फार मारलं होतं बिचाऱ्याला.

आसऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शिकवायची रीत सांगितली. ओरडायचं नाही, ओढायचं नाही, हात उगारायचा तर नाहीच. चुकलं तर काणाडोळा करायचा, जमलं की त्याच क्षणी शाब्बास म्हणायचं आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. उशीर झाला की कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही. बाई पडल्या एक्स्चेंजच्या, वेळ साधण्यात त्यांचा हात कोण धरणार? पलंगाखालून नाक बाहेर आलं, शाब्बास. पंजा आला, शाब्बास. होता होता पैलवान त्यांच्या पायाशी झोपू लागला.

"तुमच्याकडे येतो हो तो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण नेणारे परके असणार. परक्यांच्या हातून खायला लावा."

इथे घोडं अडलं. परकं माणूस आणायचं कुठून?

बाईंनी मग साबण एका दिवशी मागवला, दोरा दुसऱ्या दिवशी, सुया तिसऱ्या. कुरियरवाला वैतागला.

"मावशी, सगळं एकदम मागवलं असतं तर माझ्या खेपा वाचल्या असत्या."

"म्हणून तर नाही मागवलं. बस जरा. त्याच्याकडे बघू नकोस, नुसता हात पुढे धर."

तो उंबऱ्यावर बसला, नव्या जावयासारखा अवघडून. पुढे पुढे तोच कौतुकाने सांगायचा, "आज अगदी जवळ आला हं." बाईंना त्या चार शब्दांची अशी चटक लागली की सुयांची पाकिटं ठेवायला घरात जागा उरेना.

अखेर एक कुटुंब पैलवानाला बघायला आलं. आई, वडील आणि शाळकरी मुलगी. चांगली माणसं होती. बाईंच्या मनात पाप आलं, ते कशाला लपवा? अजून तयार नाही म्हटलं असतं तर कुणी पुरावा मागणार नव्हतं.

मुलगी जमिनीवर बसली आणि तोंड वळवून तिने हात पुढे धरला. पैलवान खोलीच्या मध्यावर थांबला, वळून बाईंकडे बघू लागला. नुसतं "ये" म्हटलं असतं तरी धावत आला असता. बाई गप्प राहिल्या. त्याने मान फिरवली आणि मुलीच्या दिशेने एक पाऊल टाकलं.

"शाब्बास," बाई म्हणाल्या. त्याच क्षणी, आणि आवाज जराही कापू न देता. रडका सूर ऐकून तो परत फिरला असता.

आणखी एक पाऊल.

"शाब्बास."

त्याने तुकडा खाल्ला, तिचा हात चाटला आणि तिथेच तिच्या मांडीला टेकून आडवा झाला. बाईंकडे त्याने पुन्हा वळून पाहिलं नाही, आणि हेच तर त्यांनी त्याला शिकवलं होतं.