ओटी भरलेली कॉर्व्हेट

मोटारीवर आमच्या व्याह्यांइतका जीव लावणारा माणूस साऱ्या लीड्समध्ये दुसरा नसेल. इथल्या हॉस्पिटलात जन्मभर त्यांनी लोकांची हाडं बसवली, पण रिटायर झाल्यावर बोलत ते फक्त आपल्या लाल अमेरिकन कॉर्व्हेटबद्दल. मी चौथी शिकलेली, त्यात बुजरी. मध्येच न बोलणारी विहीण मिळाली म्हणून ते माझ्यावर खूश असत. त्या मोटारीची पिढी कशी बदलत गेली, ते घरातल्या लेकींबद्दल बोलावं तसं सांगत. "थोरल्या सगळ्या नटव्या, विहीणबाई. पुढेमागे चकचकीत क्रोमचे बंपर. मग तिकडे धक्का सोसायचे नियम आले. आधी पुढचा दागिना उतरला, वर्षाने मागचा. मग उघडं छप्पर गेलं. धाकट्यांना पाठीमागे नुसती मोठी काच." त्यांची स्वतःची मधली. पुढे साधी, मागे क्रोम. अशा एकाच वर्षी निघाल्या, हे पोस्टमनलाही पाठ झालं होतं.

तिचं स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे उजवीकडचं त्यांना नीट दिसायचं नाही. राउंडअबाउट आला की उजवीकडे बसलेल्या मला विचारत, "येतंय का कोणी?" एकदा मी लाजून नुसती मान हलवली. त्यांना ते 'नाही' वाटलं. त्यांनी गाडी पुढे घातली आणि बसवाल्याने असा हॉर्न दिला की त्या दिवसापासून मी मोठ्याने "थांबा" म्हणायला शिकले.

पण गाडी बुटकी आणि त्यांचे गुडघे गेलेले. त्यांची लेक, म्हणजे माझी सून म्हणाली, "बाबा, तुम्हाला बाहेर ओढायला दोन माणसं लागतात. आणि म्हणे हाडांचे डॉक्टर."

"मी दुसऱ्यांचे गुडघे बघायचो," ते म्हणाले. पण विकायला कबूल झाले.

घेणारा गोरा गृहस्थ दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आला. व्याही हळूच किचनमध्ये आले. "विहीणबाई, हिची ओटी भरता? आमची ही असती तर तिनेच भरली असती." मी बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि सीटवर खण, तांदूळ, नारळ ठेवला. त्या गृहस्थाने अदबीने विचारलं, "अँड द कोकोनट?"

"कम्स विथ द कार," व्याही म्हणाले. मग त्याला दोनदा बजावलं, पोचल्यावर फोन कर.

संध्याकाळी फोन आला. व्याह्यांनी ऐकून घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला. मला इंग्रजी येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मी "थँक यू" म्हटलं. पलीकडचा माणूस थांबून होता, म्हणून पुन्हा एकदा म्हटलं.