खंडेनवमीची भट्टी

माझ्या शेजारची दैवशाला जुन्या जालन्यातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. चाळिशी उलटल्यावर तिने पीएचडीला नाव घातलं, तेव्हा तिच्या सासूबाई कौसल्याबाईंनी मला विचारलं, की हिला आता कुठं स्थळ बघायचं राहिलंय का?

तिचा विषय अभ्रकासारखे थराथरांचे स्फटिक. लोखंडाची पूड आणि आणखी एक-दोन द्रव्यं नळीत सीलबंद करायची, भट्टीत तापवायची आणि आठवडाभर हळूहळू निववायची. थर नीट जमले, तर कडाक्याच्या थंडीत त्यांतून वीज बिनअडथळा वाहते. त्याला अतिवाहकता म्हणतात. थर सुटे करायला ती चिकटपट्टी लावून ओढते. ही खोड इतकी जडली, की माझ्याकडचा चिरोटाही ती आधी पापुद्रे सोडवून बघते, मग खाते.

तिच्या स्फटिकांत मात्र वीज दरवेळी अडायची. विद्यापीठाने दिलेली शेवटची मुदत संपत आली होती. दसऱ्याच्या तोंडावर तिने शेवटची नळी भट्टीत ठेवली. आता जमलं नाही तर पीएचडी विसरायची.

कॉलेजातले शिपाई भुजंगमामा खंडेनवमीला प्रयोगशाळेतलं प्रत्येक यंत्र बंद करून पुसतात आणि पुजतात. हे दैवशालाला ठाऊक होतं. पण त्या दिवशी ती घरी स्वतःच्या मिक्सरला हार घालण्यात गुंतली होती. सुट्टीनंतर जाऊन बघते तर आठवडाभर हळूहळू निवायची ती भट्टी मधेच बंद पडून गार, दारावर हळदीकुंकू आणि झेंडूची माळ.

"मामा, हे काय केलंत?"

"मॅडम, वर्षभर राबून राह्यली ती. एक दिवस तरी आराम द्यावा का न्हाई?"

तिला मिक्सर आठवला, आणि तिने माळ बाजूला करून नळी बाहेर काढली.

नळीत बहुतेक चुराच होता. त्यातली नखाएवढी एक चकती घेऊन ती पुण्याच्या संस्थेत मोजणीला गेली, आणि त्या चकतीतून वीज बिनअडथळा वाहिली. तिच्या मार्गदर्शकांनी सांगितलं, पुन्हा तसंच करून दाखव, तर खरं. तिने मामांनाच पुन्हा भट्टी बंद करायला सांगितलं, पण त्यांनी साफ नकार दिला. चालू भट्टी बिनसणाची बंद करणं त्यांना बराबर वाटेना. शेवटी, मामांनी भट्टी बंद केली तेव्हाचं जे तापमान यंत्रात नोंदलं गेलं होतं, त्याच तापमानाला दैवशालाने स्वतः बटण दाबलं. पुन्हा जमलं.

राहिली तोंडी परीक्षा. मार्गदर्शकांनी बजावलं होतं, पहिल्यांदाही आपण विचार करूनच भट्टी बंद केली असं सांग, हसं नको. आता हिला खोटं बोलताच येत नाही. भाजीवाल्याने चुकून दिलेली जुडीसुद्धा परत करून येते. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने माझ्याकडे चिरोटे सोलले नाहीत, खाल्लेही नाहीत.

परीक्षा सगळ्यांसाठी खुली होती. मी आणि कौसल्याबाई मागे बसलो. परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, "याच तापमानाला भट्टी का बंद केलीत?"

दैवशालाने मार्गदर्शकांकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्या दिवशी खंडेनवमी होती, सर."

मार्गदर्शकांनी डोळे मिटले. परीक्षकांनी चष्मा काढला.

"हळदीकुंकू नळीत तर गेलं नव्हतं ना?"

"नाही, सर. नळी सीलबंद होती. तरी दुसऱ्या वेळेस भट्टीला हळदीकुंकू लावू दिलं नाही. फरक पडतो का ते बघायला."

परीक्षक हसत हसतच सहीसाठी पेन शोधू लागले.