बापाच्या नावापुढचा श्री

काकींनी अंगठा जिभेला लावला आणि माझ्या बापाच्या नावापुढचा श्री पुसला. शाई ओली होती. नीट पुसला गेला नाही, फरफटला. पाकिटावर निळा डाग पडला आणि त्या डागाच्या पुढे माझ्या बापाचं नाव.

"हऱ्याला श्री?" काकी म्हणाल्या. "उद्या गोठ्यातल्या बैलाला लावशील."

ओसरीवरच्या सगळ्या बायका हसल्या. पाकिटांना कुंकू लावणारी त्यांची पुतणी तर एवढी हसली, की करंडा चटईवर उपडा झाला. माझी कानशिलं तापली. हातात पेन तसंच उघडं.

आधीपासून सांगते. चिंचणीच्या मांगेल आळीत, मच्छीमारांच्या वस्तीत, समुद्राला लागून आमचं घर. बापाची होडी होती, शिडाची. आय सुके बोंबील घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. मी सातवीची फायनल पास झाले आणि गावच्याच शाळेत मास्तरीण म्हणून लागले. आळीतली पहिलीच. तारापूरला तेव्हा अणुविजेच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, आणि गावातल्या मोठ्या घरच्या मुलीला त्या कामावरचा इंजिनीयर नवरा मिळाला होता. मोठं घर म्हणजे अण्णांचं. नारळाच्या वाड्या त्यांच्या, भाताची खाचरं त्यांची, शाळेच्या कमिटीवरही तेच. काकी त्यांची बायको.

एके दिवशी काकींचा निरोप आला. मास्तरणीचं अक्षर चांगलं आहे म्हणे, लग्नाच्या पाकिटांवर नावं घालायला येऊ दे.

आय हरखून गेली. "मोट्या घरानं बोलावलंय तुला! जा गो बाय, चांगलं लुगडं नेस."

मला मात्र तेव्हाच वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. त्यांच्या घरात शिकलेली माणसं कमी होती काय? ती पुतणी मॅट्रिक झालेली. तिला सोडून मीच का? मोठं घर आम्हाला बोलावतं तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं. गोड बोलून बोलावतं तेव्हा जास्त हवं असतं. तरी गेले. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनातही एक गोष्ट होती.

त्यांना चटई. मला गोणपाट. ठीक आहे, तेवढं मी धरून चालले होते. शाळेत ज्या मला बाई म्हणायच्या, त्या ओसरीवर "अगं ए" म्हणायला लागल्या, तेही गिळलं. काकी नाव सांगायच्या, मी लिहायची, पुतणी कोपऱ्यांना कुंकू लावायची.

पाकिटावर नाव घालायचं केवढं शास्त्र असतं ते मला त्या दिवशी कळलं. वडीलधाऱ्यांना तीर्थरूप. व्याह्यांकडच्यांना राजमान्य राजेश्री, आणि तेही पुरतं लिहायचं, नुसतं रा. रा. लिहिलं तर ते रुसतात. बरोबरीच्यांना श्री. विधवा बाईला गंगा भागीरथी, आणि तिच्या पाकिटाला कुंकवाचं बोट लावायचं नाही, ते पाकीट बाजूला ठेवायचं. कुणाला 'सहकुटुंब सहपरिवार' आणि कुणाला नुसतंच 'सहकुटुंब', तेही ठरलेलं. नुसतं सहकुटुंब म्हणजे नवराबायको या, पोरांचं लटांबर आणू नका. एवढं सगळं काकींना तोंडपाठ. गावातल्या एकाएका माणसाची उंची त्यांनी मनात मोजून ठेवलेली होती. मी ऐकत होते आणि वाट बघत होते, आमची पाळी कधी येते त्याची.

आली. "हं, आता लिही. समस्त मांगेल आळी, चिंचणी. दुसऱ्यावर, समस्त मांगेल आळी, नवापूर."

मी विचारलं, "नावं?"

"नावं कशाला? कुणीतरी वाचून दाखवेल, झालं. आणि त्यांना कुंकू नको गं, आणि डिंकही नको. उघडंच जाऊ दे."

अख्खी आळी एका पाकिटात. म्हातारे, कोतारे, होड्यांचे तांडेल, खलाशी, सगळे कोंबले एकात. त्यांच्या एका चुलतभावाच्या घरात चार बिऱ्हाडं होती तर चार पाकिटं लिहून घेतली होती मघाशी.

आता माझ्या मनातली गोष्ट सांगते. मोठ्या घरचं लग्न असलं की मांडवावर शीड लागायचं. आमच्या होड्यांचं. कापडाचा मांडव घालायला त्यांना परवडत नव्हतं असं नाही, पण शिडाची सावली दाट पडते, आणि फुकट मिळतं. माझ्या बापाचं शीड सगळ्यात मोठं. अण्णांच्या थोरल्याच्या लग्नात तेच, मधल्याच्या लग्नात तेच. बाप स्वतः वाशांवर चढायचा, गाठी मारायचा, कारण वारा सुटला तर दुसऱ्याच्या गाठी टिकत नसत. शीड मांडवावर असेपर्यंत होडी रेतीत आडवी. घरात मासळी नाही, बाजार नाही. आय तेवढे दिवस शेजाऱ्यांकडून कालवण मागायची. आणि जेवायला आम्ही मागच्या परसात, सगळ्या पंगती उठल्यावर, आपापली ताटं घेऊन.

मी पाकिटं लिहायला निघाले तेव्हा बाप होडीत वाकून पाणी उपसत होता. मान वर न करता म्हणाला, "बाय, तूच लिवणार ना? मग एक माज्या नावाचं लिव. पुऱ्या नावाचं. आमी काय मागतो, नुसतं पाकीट."

जन्मात त्याने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. माझ्याकडे मागितलं.

म्हणून मी शेजारच्या नवापूरचं पाकीट बाजूला ठेवलं, नवं घेतलं आणि न विचारता लिहिलं. श्री. हरिश्चंद्र नारायण तांडेल, सहकुटुंब सहपरिवार.  त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं अक्षर तेच आलं. काकींनी ते उचललं, लांब धरून वाचलं, आणि मग तो अंगठा.

हसणं ओसरल्यावर काकी मऊ झाल्या. तेव्हा मी जास्तच सावध झाले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आत्तापर्यंत शिवल्या नव्हत्या.

"वेडी की काय तू? हऱ्या तर घरचाच माणूस. मांडव कोण घालणार, तोच ना? घरच्या माणसाला कुणी पत्रिका देतं का?"

काय गोड बोलल्या! क्षणभर मला पटलंसुद्धा. मग वाटलं, थांब. हेच असेल. ह्यासाठीच मला बोलावलं असेल. पोरगी ओसरीवर बसवली की बाप शीड द्यायला कुरकुरणार नाही. त्या वर्षी आळीत कुजबुज चाललीच होती, की मासळीच्या भर हंगामात शिडं द्यायची नाहीत. ते काकींच्या कानावर गेलं नसेल? माझं अक्षर एवढं कुणाला आवडलं होतं!

मी विचारलं, "काकी, घरचा माणूस कुठल्या पंगतीला बसणार?"

 गुडघ्यावरचा हात उचलला गेला.

"शाळेत जाऊन तोंड फुटलंय तुला," काकी म्हणाल्या. "अण्णांना सांगते. नोकरी कुणी दिली ते विसरू नको."

"नोकरी परीक्षा देऊन मिळाली," मी म्हटलं. पेनाला टोपण लावलं आणि उठले.  

घरी येऊन बापाला सगळं सांगितलं. अंगठ्याचंही सांगितलं, बैलाचंही. वाटलं चिडेल. त्याने एवढंच धरलं.

"घरचाच म्हनाली ना ती? मंग चांगलंच हाय की."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. काकींचा एवढा राग आला नव्हता. "घरचा हायस ना बा? मग उद्या शीड घेऊन पुढच्या दारानं जा. बघ घेतात का."

आय मला गप्प करायला धावली. "नोकरी जाईल गो, कशाला आग लावतेस?"  बाप रात्री जेवला नाही.

सकाळी बघते तर त्याने धुतलेला सदरा घातलेला. शिडाची गुंडाळी खांद्यावर. मी मागोमाग गेले. तो पुढच्या वाटेने गेला, फाटकातून, तुळशीवरून, ओसरीच्या पायरीपाशी. पायरीवर पाय ठेवला.

अण्णा झोपाळ्यावर होते. ओरडले नाहीत. हसूनच म्हणाले, "अरे हऱ्या, इकडून कुठं? मागनं ये, मागनं. पायरी आत्ताच सारवलीय."

बाप तसाच उभा राहिला. मला त्याची पाठ दिसत होती, त्या ओझ्याखाली वाकलेली. मग त्याने पाय मागे घेतला.

"काकी म्हनाल्या, मी घरचा हाय."

"आहेसच की! म्हणून तर मागनं ये म्हणतो."

बाप वळला. मागच्या दाराकडे नाही, फाटकाकडे. अण्णा हाका मारत राहिले, आधी हऱ्या, मग हरी, मग चक्क हरीभाऊ. मी कान देऊन ऐकत होते. शीड हातचं जायला लागल्यावर भाऊ फुटला तोंडाला! बापाने एकदाही मागे बघितलं नाही. किनाऱ्यावर आला, शीड डोलकाठीला चढवलं आणि होडी पाण्यात लोटली.

"उन्हात बसू दे त्यांना," एवढंच म्हणाला.

ते बघून बाकीच्यांनीही शिडं उतरवली नाहीत. मोठ्या घरच्या मुलीचं लग्न पालघरहून भाड्याने आणलेल्या ताडपत्र्यांखाली लागलं. माझी बदली झाली, डोंगरातल्या एका शाळेवर, एस्टी उतरून पुढे पायी. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. न विचारता कळतं.

होळीला घरी आले होते तेव्हा मोठ्या घरचा गडी आळीत आला. धाकट्याचं लग्न. हातात पाकीट. समस्त मांगेल आळी, चिंचणी. सगळे जमले आणि पाकीट माझ्या हातात दिलं, वाचून दाखव म्हणून. मी पाकीट उघडलं नाही. गड्याच्या हातात परत ठेवलं.

"यात कुणाचं नाव नाही," मी म्हटलं. "काकींना सांग, आळीत माणसं राहतात. एकेकाचं नाव विचारून घ्या, आईबापांनी ठेवलेलं, पुरतं. पुढे श्री लावा, बाईला सौ. लावा, विधवेलाही मानाने बोलवा. पुढच्या दाराने घ्या. पहिल्या पंगतीला बसवा. हे सगळं करणार असाल तर आम्ही येऊ, शीडही आणू. त्यातलं एक जरी राहिलं, तरी आमच्यातलं कुणी येणार नाही."

गडी माझ्या बापाकडे बघायला लागला.

"ती सांगते तेच," बाप म्हणाला. "नाय येनार."