सोलरवरच्या कुरडया

माझं अक्षर किड्यामुंग्यांसारखं आहे आणि ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं हे मला अजून नीट उमगलेलं नाही. चौथी पास झाले आणि कापूस वेचायला गेले. तेव्हा ही वही चुकून कोणाच्या हाती लागलीच, तर त्याने चुका पोटात घालाव्यात आणि वही होती तिथं, तांदळाच्या डब्यामागं, परत ठेवून द्यावी.

गेल्या वैशाखात मी परभणीतल्या एका इमारतीतल्या बारा घरांचं सोलर बंद पाडलं. कुरडया घालून.

तशी मी कोणाचं काही बंद पाडणारी बाई नाही. चार माणसांत मला तोंड उघडता येत नाही. बसमध्ये तिकीट मागायचं असलं तरी मी आधी दोनदा मनात म्हणून बघते, आणि तोवर कंडक्टर पुढं गेलेला असतो.

माझी लेक अर्चना परभणीला दिलेली आहे. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, नवरा खताच्या दुकानात हिशेब बघतो, पाच वर्षांची गुड्डी. उन्हाळ्यात तिचा फोन आला.

"आई, आठ दिवस ये. यांनी सुट्टी काढलीय तुझ्यासाठी. सगळी परभणी दाखवायचीय तुला. आन् हे बघ, कामाला हात लावायचा न्हाई. नुसतं बसायचं, खायचं, हिंडायचं."

आता इथंच घोळ झाला. लेकीच्या घरी फुकट खाऊ नये, हे मी माझ्या आईचं दूध पिताना शिकले. माझी आई माझ्या घरी यायची तेव्हा पाणीसुद्धा स्वतःच्या तांब्यातलं प्यायची. मी तेवढी कडक नाही (पाणी पिते), पण आठ दिवस बसून खायचं म्हटल्यावर घास घशाखाली कसा उतरायचा? काहीतरी काम करून फेडायला पाहिजे, आणि काम तर करू देणार नाहीत. म्हणून मी पिशवीत चार किलो गहू भरला आणि साड्यांच्या मध्ये पितळी सोऱ्या गुंडाळला.

आमचे मालक दारात उभे राहून बघत होते.

"परभणीत गहू मिळत न्हाई का?"

"कुरडया घालून देते तिला. वर्षाची सोय होईल."

"तुला फिरायला बोलावलंय का मजुरीला?"

"तुमी गप बसा. लेकीचं फुकट खायचं का?"

"मग जेवूच नको," असं म्हणून ते म्हशीकडं गेले.

वालूरहून सेलू, सेलूहून रेल्वे, असं करत सोमवारी पोचले. जावईबापूंनी फ्रिजवर कागद चिकटवला होता. त्यावर वारांप्रमाणे सगळं लिहिलेलं : मंगळवारी पाऱ्याच्या पिंडीचं दर्शन, बुधवारी बाग आणि रसवंती, गुरुवारी सिनेमा, शुक्रवारी पहाटे मोकळ्या हवेत फिरणे, शनिवारी गार हवेच्या मोठ्या दुकानात खरेदी. वाचून माझे डोळे भरून आले. माझ्यासाठी आजपर्यंत कोणी काही लिहिलेलं नव्हतं, रेशन कार्ड सोडून.

पण माझ्याही पोटात एक कागद होता. सोमवारी गहू भिजत घालणे, मंगळवार-बुधवार पाणी बदलणे, गुरुवारी वाटून चीक काढणे, शुक्रवारी सकाळी शिजवून घालणे. दोन्ही कागद बरोबरच चालू झाले. गव्हाची बादली मी बाथरूमच्या मागच्या गॅलरीत, कपडे धुवायच्या मशीनमागं लपवली.

मंगळवारी पिंडीपुढं हात जोडले. बुधवारी बागेत गेलो, उसाचा रस प्यालो. घरी येऊन जावईबापूंनी दार उघडलं आणि जागीच थांबले.

"अर्चना, कसला वास येतोय?"

भिजलेल्या गव्हाचा तिसऱ्या दिवशी कसा वास येतो, हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. ज्याला माहीत नाही त्याला वाटतं गटार फुटलं.

"ड्रेनेज तुंबलं वाटतं," असं म्हणून त्यांनी बाथरूमच्या जाळीत अख्खी फिनेलची बाटली ओतली. मी सोफ्यावर पदर नाकाला लावून बसले होते.

"मामी, तुम्हाला लय त्रास व्हायलाय ना वासाचा?" जावईबापू म्हणाले. आमच्याकडं जावई सासूला मामीच म्हणतो.

मी मान हलवली. खोटं तरी किती बोलावं माणसानं, म्हणून मी बोललेच नाही.

गुरुवारी अर्चना भाजीला गेली तेवढ्यात मिक्सरवर गहू वाटला, चीक गाळून पातेल्यात झाकून ठेवला आणि तिला सांगितलं, दही लावलंय, झाकण काढू नको. दुपारी सिनेमाला गेलो. आत इतकं गार होतं की मी साडीवर साडी नेसायला हवी होती. समोर कोणाला तरी गोळी लागली, सगळे हळहळले. माझ्या मनात एकच, की चीक आता खाली बसला असेल, वरचं पिवळं पाणी ओतायला पाहिजे. गुड्डीने विचारलं, "आजी, तू का रडत न्हाई?"

शुक्रवारी पहाटे सगळे फिरायला निघाले. मी गुडघा धरून बसले.

"तुमी जा. माझा गुडघा लय ठणकायलाय."

"डॉक्टरकडं जायचं का, मामी?" जावईबापू चपला घालता घालता थांबले.

"न्हाई, न्हाई. पडून राहिलं की बरं वाटतंय."

दार लागलं आणि गुडघा बरा झाला. आधण ठेवलं, मीठ टाकलं, चीक ओतून घोटला. तासाभरात काचेसारखा चीक तयार. दारामागं गच्चीची चावी होती. पातेलं कडेवर, सोऱ्या हातात, अशी वर गेले, तर गच्चीवर धूळ, कबुतरांची घाण आणि बाज एकही नाही. वाळवण घालायचं कशावर?

तेवढ्यात सोलरचे तक्ते दिसले. बारा मोठे, काळे, काचेचे, उन्हाकडं तोंड केलेले.

आता इथं कोणी म्हणेल, अडाणी बाई, तिला सोलर कळत नाही. तसं नाही. सोलर मला चांगलं कळतं. आमच्या शेतातली मोटार सोलरवरच चालते. पण आमची विहीर होळीनंतर आटते, मोटार बंद होते आणि तक्ते पावसाळ्यापर्यंत रिकामे तापत पडतात. त्यावर मी दरवर्षी सांडगे, पापड, मिरच्या सगळं वाळवते. खालून काच तापलेली, वरून ऊन, धूळ नाही, शेळी चढत नाही. माझ्या डोक्यात एवढंच बसलेलं, की उन्हाळ्यात सोलरला काम नसतं. परभणीची विहीर आटत नसते, हे मला सुचलंच नाही.

तक्ते पुसले, त्यावर माझ्या तीन जुन्या साड्या आणि अर्चनाच्या दोन चादरी पसरल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून कोपरे खालच्या लोखंडाला करकचून बांधले आणि सोऱ्या फिरवायला लागले. काय कुरडया पडल्या! एकसारख्या, पांढऱ्याशुभ्र, बारा तक्ते भरून. खाली येऊन भांडी घासली आणि पुन्हा गुडघा धरून बसले.

सगळे फिरून परत आले. दहा वाजता दार वाजलं. इमारतीचे सेक्रेटरी होते, जोशीसर. हातात मोबाइल.

"अहो, हे बघा. सोलर शून्य दाखवतंय. सकाळी सातपासून शून्य."

जावईबापूंनी मोबाइल हातात घेतला, पुढं-मागं केला. "चव्वेचाळीस डिग्री ऊन पडलंय की बाहेर."

"तेच म्हणतोय मी. परभणीत वैशाखात ऊन नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय." जोशीसर सोफ्यावर बसले. "तुमच्या शब्दावर बारा घरांनी पैसे भरले. दोन महिने नाही झाले. आता लोकांना काय सांगायचं?"

ते गेल्यावर जावईबापूंचा चेहरा उतरलेला. हे सोलर त्यांनीच घरोघर फिरून, समजावून बसवून घेतलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"मामी, लोक म्हणतील, यानं कंपनीकडून कमिशन खाल्लं."

मला फार वाईट वाटलं. मी त्यांना चहा करून दिला. "मशीनचं काम हाय, बापू. बिघडायचंच. तुमी मनाला लावून घेऊ नका." इतकं मी त्यांच्याशी लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच बोलले असेन. आणि खरं सांगते, तोपर्यंत माझ्या डोक्यात काहीही आलं नव्हतं. मी मनात त्या कंपनीला शिव्या देत होते.

कंपनीचा माणूस मानवतला कुठंतरी काम करत होता. तातडीने बोलावलं म्हणून दीड हजार रुपये घेईन म्हणाला. बारा वाजता तो आला, गळ्यात पट्टा, हातात तारांची पेटी. जोशीसर आले, आणखी चार घरांतले पुरुष आले. जावईबापू म्हणाले, "चला, वर गच्चीवर बघू."

गच्चीवर.

हा शब्द कानावर पडला आणि माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकदम आल्या. एक, कुरडया उलटायची वेळ झाली. आणि दुसरी, अगं माय!

मी उठले आणि पळाले. सगळ्या पुरुषांना जिन्यात मागं टाकून दोन-दोन पायऱ्या चढत गेले. मागून अर्चनाचा आवाज आला, "आई, तुझा गुडघा!" पण गुडघ्याला आता वेळ नव्हता.

पळाले खरी, पण वर जाऊन करणार काय? बारा तक्त्यांवरच्या ओल्या कुरडया काय पदरात लपवायच्या? मी टाकीमागं जाऊन उभी राहिले. सगळे वर आले. कंपनीच्या माणसाने पेटी खाली ठेवली, एक कुरडई उचलून उन्हात धरली.

"बिघाड सापडला," तो म्हणाला.

"कोणाचं आहे हे?" जोशीसर म्हणाले.

जावईबापू चादरीकडं बघत होते. अशोकचक्रासारखी निळी नक्षी असलेली ती चादर त्यांच्याच पलंगावरची. त्यांनी एकदा टाकीकडं बघितलं. माझा पदर बाहेर राहिला असावा.

"माझं आहे," ते म्हणाले.

"तुमचं?"

"हो. म्हणजे... कुरडया घातल्यात मी."

"तुम्ही कुरडया घालता?"

"शिकायलोय."

त्यांना कुरडई कशाची करतात हेही माहीत नसेल. आणि माझ्यासाठी सहा माणसांपुढं ते असं उभे होते, हे मला सोसवेना. मी टाकीमागून बाहेर आले. एवढ्या पुरुषांपुढं मी जन्मात बोलले नव्हते.

"त्यांचा दोष न्हाई. माझ्या हायेत. आन् आता लगेच काढता यायच्या न्हाईत, मोडतील. आधी उलटाव्या लागतील." मग कंपनीच्या माणसाकडं वळून म्हणाले, "दादा, ते टोक धरा जरा."

त्याने धरलं. मग जोशीसरांनी धरलं. अर्ध्या तासात इमारतीतले सगळे कर्ते पुरुष वाकून कुरडया उलटत होते, साड्या कुरडयांसकट खाली उतरवत होते आणि जावईबापू मोबाइलवर आकडा बघत प्रत्येक साडी निघाली की सांगत होते, "एक तक्ता चालू झाला. दुसरा झाला." कंपनीच्या माणसाने निघताना अर्धी वाळलेली एक कुरडई खात खात दीड हजार मागितले. जावईबापूंनी तिथल्या तिथं मोबाइलवरून दिले.

लेकीचं फुकट खायला नको म्हणून गेलेली मी, तिच्या घरातून दीड हजार घालवून परत आले.

मग ते परत करायची माझी धडपड सुरू झाली. निघताना नोटा गुड्डीच्या दप्तरात ठेवल्या. घरी येऊन पिशवी उघडली, तर सोऱ्याच्या पोटात त्याच नोटा. राखीला अर्चना आली तेव्हा तिच्या पिशवीत तुपाच्या बरणीखाली ठेवल्या. दुसऱ्या दिवशी फोन आला, "आई, नोटा तुमच्या देव्हाऱ्यात बघ." जावईबापू घेईनातच. "मामी, एवढ्याशा गोष्टीला काय," म्हणायचे. त्यांना एवढीशी. मला घास लागायचा.

यंदा अधिक महिना आला. अधिकात लेक-जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घालतात आणि जावयाच्या हातात वाण देतात. जावई हा विष्णूच्या जागी, त्याला वाणाला नको म्हणता येत नाही. मला एवढंच पाहिजे होतं. ताटात पुरणाचे धोंडे लावले, दिवा ठेवला आणि धोंड्यांखाली पाकिटात दीड हजार.

जावईबापूंनी ताट कपाळाला लावून घेतलं. पाकीट उघडून नोटा बघितल्या आणि माझ्याकडं बघून हसले.

"मामी, वाण पोचलं. आता ते सोलरचे दीड हजार कधी देता?"

सगळे हसले. मी काही हसले नाही. बरोबरच होतं त्यांचं. वाण वेगळं, देणं वेगळं. मी आत गेले, डाळीच्या डब्यातून अडीनडीचे दीड हजार काढले आणि त्यांच्या हातावर ठेवले.

त्यांचा चेहरा एवढासा झाला. "अहो मामी, मस्करी केली मी. घ्या हे परत."

अर्चनाने त्यांचा हात दाबून मूठ मिटवली. "ठिवा आता. न्हाई तर ती हे फेडायला पुन्हा गहू घिऊन येईल."

त्यांनी लगेच खिशात घातले.

मालक कोपऱ्यात बसून धोंडा खात होते. म्हणाले, "फिटलं का समदं?"

"फिटलं," मी म्हणाले.

दीड हजाराचं देणं मी पूर्ण फेडलं. एकदा फेडलं असतं तरी चाललं असतं.