गुढियारीतले रिकामे डबे

घरात वाया जाणारं अन्न लोकांच्या सहभागातून कसं वाचवता येईल, या विषयावरच्या माझ्या संशोधनाला निधी मिळाला तेव्हा मी फार खूश होते. मी मूळची वर्ध्याची. रायपूरच्या एका कॉलेजात गृहविज्ञान शिकवते आणि समता कॉलनीत नवऱ्याबरोबर राहते. निधी एका वर्षापुरता होता. काम पटलं तर आणखी एक वर्ष. प्रस्तावात 'लोकसहभाग' हा शब्द मी इतक्यांदा लिहिला होता, की तो कसा मिळवायचा हे आपल्याला ठाऊकच आहे असं मला वाटायला लागलं होतं.

रायपूरच्याच गुढियारी भागातल्या एका पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, काही घरांना मी झाकणाचे डबे दिले. टाकायचं अन्न त्यात ठेवायचं, मी एक दिवसाआड येऊन वजन करणार. पहिल्या फेरीत सगळे डबे रिकामे निघाले. दुसऱ्या फेरीतही तेच. घासून, उन्हात वाळवून ठेवलेले, चकचकीत. गल्लीच्या तोंडाशी उभी असणारी गाय मात्र चांगली गुबगुबीत होती.

त्या पाऱ्यात रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची बायको होती, गोंदियाकडची. तिला सगळे मावशी म्हणत. मी तिलाच विचारलं, "मावशी, खरंच काही उरत नाही का हो?"

"उरते ना. पण तुले काहून दाखवू? तू वहीत लिहून राहिली. उद्या म्हणशील, ह्या बाया अन्न फेकतात."

तिची सून आत पीठ मळत होती. तिला मराठी सगळी समजायची, पण बोलायची हिंदीत. तिने साधेपणाने विचारलं, "दीदी, आपके घर का डिब्बा कहाँ है?"

माझ्या घरी मी डबा ठेवलाच नव्हता. हे इतके दिवस माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

दोन दिवस ठेवला आणि स्कूटरवर घालून मावशीच्या ओट्यावर नेऊन उघडला. वातड पोळ्या, आंबलेलं वरण, काळी पडलेली कोथिंबीर, अर्धी पपई. जमलेल्या बायांनी नाकाला पदर लावला आणि मग हसू फुटलं.

"अवो माय! दोघंच राहता ना तुम्ही?" मावशी म्हणाली. वजन त्यांनीच केलं, आकडाही त्यांनीच माझ्या वहीत लिहिला. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त उत्सुकता. आणि पुढच्या फेरीला त्यांचे डबे रिकामे नव्हते.

त्यांत भात जवळजवळ नव्हताच. उरलेला भात पाण्यात घालून सकाळी बासी म्हणून खाल्ला जायचा. टाकल्या जात होत्या त्या पोळ्या, त्याही ठरावीक घरांतून आणि एखाद्याच दिवशी. माप चुकत असेल असं धरून मी मोजून स्वयंपाक करण्याचं प्रशिक्षण ठरवून ठेवलं होतं. तरी विचारलं, की एखाद्याच दिवशी का?

एक शेजारीण म्हणाली, तिचा नवरा उरला औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये आहे. ओव्हरटाइम आहे की नाही हे शिफ्ट संपताना कळतं. थांबला तर तिथेच जेवतो. मोबाइल आत नेऊ देत नाहीत. तोवर हिच्या पोळ्या झालेल्या असतात.

"आमच्याकडेही हेच," आणखी दोघी-तिघी म्हणाल्या. सगळ्यांचे नवरे त्याच मिलमध्ये.

मावशीने तिथेच ठरवलं. जो सुटेल त्याने गेटवर मोबाइल हातात आला की कोण कोण थांबलं ते तिला कळवायचं. ती ओट्यावरून हाका मारेल. तोवर कणीक झाकून ठेवायची. "जमेल ना?" तिने विचारलं, आणि बाया म्हणाल्या, "हव."

पहिल्या आठवड्यात दोनदा फोन आलाच नाही. एका घरी नवरा परतला तेव्हा पोळ्या नव्हत्या, आणि तो राग मावशीला ऐकून घ्यावा लागला. पण हळूहळू जमलं. डबे हलके झाले, या वेळी खरोखरच.

निधी देणाऱ्या समितीपुढे गेले तेव्हा माझ्याकडे ना घरोघरी वाटायची पुस्तिका होती, ना प्रशिक्षणाचे फोटो. एका सदस्यांनी विचारलं, "यात तुमचं संशोधन कोणतं?" मी म्हणाले, "पुस्तिका केली असती तर मी मापाबद्दल लिहिलं असतं, आणि ते चुकीचं ठरलं असतं." दुसऱ्या एका बाईंनी माझी वही मागून घेतली. त्यातली वेगवेगळ्या हातांच्या अक्षरांची पानं त्या चाळत राहिल्या.

दुसरं वर्ष मिळालं. पुस्तिका करायचीच, ही अट घालून.

या वर्षीचा प्रश्न पाऱ्यानेच दिला आहे. सुनेचं म्हणणं, फ्रिज आल्यापासून घरात जास्त नासतं, कारण ठेवलेलं विसरायला होतं. मावशीला हे साफ नामंजूर. फ्रिज तिनेच हट्टाने घेतलेला. कोण बरोबर आहे ते मला अजून माहीत नाही. सध्या फ्रिज असलेल्या आणि नसलेल्या घरांचे डबे आम्ही तिघी मिळून तोलतो आहोत.