लग्नाआधीची तपासणी

तालुक्याच्या दवाखान्यात माझं काम बोलायचं. सुई टोचणारे वेगळे, गोळ्या देणारे वेगळे. कुणाच्या रक्तात सिकलसेल निघाला की त्याला माझ्या खोलीत पाठवतात. मी सांगते, हा आजार आईबापाच्या रक्तातून येतो, कुणाच्या नजरेनं नाही की पापानं नाही. त्रास काय होईल, पुढच्या मुलाला होण्याचा संभव किती, कुठली तपासणी कुठं होते, सगळं सांगते. फक्त काय करा हे सांगायचं नाही. ते त्यांनी ठरवायचं. आमच्या पुस्तिकेत तसं ठळक छापलंय.

त्याच पुस्तिकेतलं एक वाक्य मी जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यांवर सांगत फिरले. लग्नाआधी रक्त तपासा. शाळेत सांगितलं, आठवडी बाजारात सांगितलं, ग्रामसभेत माईक हिसकावून सांगितलं. ते वाक्य आपल्याकडं काडीच्या उपयोगाचं नाही, हे कळायला मात्र एक जोडपं समोर येऊन बसावं लागलं.

वांगणीच्या पुढच्या एका पाड्यावरून आले होते. तो नुकताच वीटभट्टीवरून परतलेला, पंचविशीचा. ती दोनतीन वर्षांनी लहान. कडेवर दीड वर्षाची मुलगी, आणि पोट दिसायला लागलेलं. तिघांचं रक्त पाड्यावरच्या शिबिरात घेतलं होतं आणि तिन्ही कागद माझ्या टेबलावर होते.

तो खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाला, "ताई, आलो बघा लग्नाआधी. तुम्हीच सांगून गेल्या होत्या. पंधरा दिसांवर लगीन हाय आमचं."

तो शाबासकीची वाट बघत होता. मी मुलीकडं बघत होते. तिच्या हातांची बोटं सुजली होती, पावलं फुगली होती. आईनं तिचा पाय जरा हलवला की ती कळवळायची.

"हिला कधीपासून आहे?"

"थंडीत धरलं होतं. भगताकडं नेलं, उतरलं. आता परत," ती म्हणाली.

कपाळ माझं! आमच्याकडं मुलगी आधी नांदायला येते, लग्न मागून लागतं. गावजेवण जमेल तेव्हा. कधी दोन वर्षांनी, कधी दहा. सामुदायिक मांडवात नवरानवरीच्या मांडीवर पोरं बसलेली असतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. हे मला माहीत नव्हतं म्हणू? माझ्याच आईबापाचं लग्न लागलं तेव्हा मी पाच वर्षांची होते. साखरशेतला आमच्या अंगणात मांडव होता, मी आईच्या पदराला धरून उभी होते आणि अक्षता वेचून खात होते. पुढं वडील मास्तर झाले, आम्ही तालुक्याला राहायला आलो, आणि लग्नाचा फोटो कपाटात गेला, कारण त्यात मी आहे. माझं शिक्षण त्या कपाटासमोर झालं. मग पुण्यात छापलेलं वाक्य हातात आलं आणि मी ते जसंच्या तसं घोकलं. एवढी शिकले, पण एकदा घरच्या कपाटात डोकावले नाही. लाज वाटली. आजही वाटते.

त्या दोघांना यातलं काही बोलले नाही. ड्रॉवरमधून वाटी काढली. त्यात मी पांढरे वाल आणि काळे उडीद ठेवते. त्याच्या हातात एक वाल, एक उडीद दिला, तिच्याही हातात तसेच. "हे तुमचं रक्त. दोघांना स्वतःला काही आजार नाही. पण दोघांकडं एकेक काळा दाणा आहे. मूल होताना प्रत्येकाच्या हातातला एकच दाणा जातो. कुठला, ते आपल्या हातात नसतं. दोघांचाही काळा गेला, तर हा आजार."

तिनं मुलीच्या बोटांकडं बघितलं. मग मी तिसरा कागद वाचला. मुलीला दोन्ही काळे आले होते.

त्यानं आपले दाणे तिच्या दाण्यांशेजारी ठेवून बघितले. मग हिशेब लावून म्हणाला, "म्हणजे चारात एक. तो हिला झाला. आता पुढचे तीन सुटले."

"नाही रे बाबा. दर खेपेला दाणे परत हातात येतात. हिला झाला म्हणून पोटातल्याला होणार नाही असं नाही, आणि होईलच असंही नाही. परत तेच, चारात एक."

"ह्याची आई म्हणते, हे माझ्या माहेरचं," ती हळूच म्हणाली.

"एक दाणा तुझा, एक ह्याचा."

तो मान खाली घालून बसला होता. तसाच म्हणाला, "घरी मी सांगन." तेवढ्यापुरता मला त्याचा फार आधार वाटला.

मग पोटातल्याबद्दल बोलावं लागलं. पाचवा लागला होता. मुंबईला तपासणी होते, पोटातलं पाणी काढून बघतात. वेळ थोडा आहे, ह्याच आठवड्यात जावं लागेल, गाडीची सोय मी करते.

"आन मग?" तिनं विचारलं.

"आजार निघाला, तर पुढं काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवायचं."

ती मुलीला थोपटत होती. मुलगी रडून थकून तिच्या खांद्यावर पडली होती. "तुम्ही काय केलं असतं, ताई?"

प्रत्येक जण हे विचारतो. पुस्तिकेतलं उत्तर मला पाठ आहे आणि त्या दिवशी ते द्यायचा मला संताप आला. "मी नाही सांगू शकत गं. ते तुझं आहे."

"हिच्यावाणी हाय म्हणून त्याला नको म्हणायचं," ती म्हणाली, "तर हिला काय सांगू?"

ते मुंबईला गेले नाहीत. बैल गेला अन् झोपा केला, तसं माझं सांगणं. मी दोनदा पाड्यावर जाऊन आले. जबरदस्ती करता येत नाही, करायचीही नव्हती. मुलीच्या गोळ्या नेऊन दिल्या, पाणी भरपूर पाज, गार वाऱ्यात नेऊ नको, ताप आला की भगत नको, आधी दवाखाना, हे सांगितलं. लग्नालाही गेले. मांडवात ओळीनं जोडपी होती. मुलगी आईच्या मांडीवर होती, हळदीच्या हातांनी आई तिची पावलं चोळत होती. लोकांनी अक्षता टाकल्या. माझ्या हातातल्या तशाच राहिल्या.

भाद्रपदात मुलगा झाला. त्याचं रक्त पुढं पाठवलं. कागद आला तेव्हा मी तो खोलीचं दार लावून उघडला. दोन्ही काळे.

ती बाळंतपणातून उठून आली, एकटीच, बाळ फडक्यात गुंडाळलेलं. मी वाटी काढली नाही. माझ्या तोंडाकडं बघूनच तिला कळलं. रडली, पण थोडंच. मग डोळे पुसून म्हणाली, "पोरीच्या येळंला उशीर झाला. ह्याचं आता लवकर कळलं ना?"

"लवकर कळलं. औषध आजच सुरू करू."

"आन ह्याच्या लग्नाआधी कधी आणू, तेही आताच सांगून ठेवा. आमची चूक झाली तशी ह्याची नको."

"चूक तुमची नव्हती. माझी होती," मी म्हणाले. हे मी कुणापुढं पहिल्यांदाच बोलत होते. "ह्याच्यासाठी मुलगी बघायला निघाल ना, त्या दिवशी निघायच्या आधी आणा."

ती पहिल्यांदाच जरा हसली. बाळाच्या तोंडावरचं फडकं नीट केलं आणि विचारलं, "म्हणजे तोवर असल ना हा?"

वचन द्यायचं नाही, असं पुस्तिकेत आहे.

"असेल," मी म्हणाले, आणि पुढच्या महिन्याची तारीख तिच्या कार्डावर लिहिली.