उपलब्ध म्हणजे काय रे?

बुडणारं माणूस ओरडत नाही.

हे मला कदम काकूंनी सांगितलं होतं. काकू आज सकाळी गेल्या.

काका फौजेत सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे. रिटायर झाल्यावर गाझियाबादला फ्लॅट घेतला. तिथल्याच सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये त्यांची एकुलती एक प्राजक्ता बुडाली. एकोणीस वर्षांची पोर.

भरदुपारी. काठावर माणसं गप्पा मारत बसलेली असताना.

लाइफगार्ड नेमलेला होता. तो तेव्हा गेटवर पार्सलची एंट्री करत होता.

"मैडम, मैं तो यहीं था," तो रडत म्हणाला.

काकू त्याला एक शब्दही बोलल्या नाहीत. कमिटीला मात्र विचारलं, "याला दोन कामं कुणी दिली?"

मी वकील. तेव्हा एका आमदारांसाठी पूल-सुरक्षेच्या विधेयकाचा ड्राफ्ट करत होतो. कुणाकडून तरी कळलं म्हणून काकू बस बदलत दिल्लीत आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरवर आल्या. चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. एका जागी बोट ठेवलं.

"'लाइफगार्ड उपलब्ध असावा.' अभिजित, उपलब्ध म्हणजे काय रे?"

"म्हणजे... तिथे असावा."

"तो होताच की तिथे."

इतकी वर्षं ड्राफ्टिंग करतोय. एवढी लाज कधी वाटली नव्हती.

मग ती ओळ आम्ही दोघांनी मिळून लिहिली. पूल चालू असेपर्यंत लाइफगार्ड काठावर, नजर पाण्यावर, हातात दुसरं कुठलंही काम नाही.

विधेयक चर्चेला आलंच नाही.

काकू तोच कागद घेऊन सोसायट्यांच्या मीटिंगना जायला लागल्या. बहुतेक ठिकाणी चहा मिळायचा, होकार नाही. तीन सोसायट्यांनी मात्र तो नियम लावला.

त्यातल्या एकीत गेल्या उन्हाळ्यात एका आजींना चक्कर आली, त्या पाण्याखाली गेल्या. गार्डने लगेच उडी मारली. आजी वाचल्या.

मी फोन करून सांगितलं.

काकूंनी विचारलं, "त्यांना गरम काहीतरी प्यायला दिलं ना?"

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये भेटलो. सांगायचं जिवावर आलं होतं, पण सांगितलं.

"काकू, हेही अधिवेशन संपलं. चर्चा नाहीच झाली."

"मग पुढच्याला परत दे. त्यात काय?"

देतो, काकू.

तुम्ही निवांत जा. मनापासून नमस्कार.